चार तासांचा पियानो आणि माझी एक चिठ्ठी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, बरखेडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दर वर्षी प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात, निदान निवृत्त अधिकारी तरी बोलतात. मी डिप्लोमावाला माणूस. राज्य शासनात उपयंत्री आहे. रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी माप पुस्तिकेत भरायची, एवढंच माझं लेखन. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "चार तासांचा पियानो." ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "अरे, गणपतीत? त्यापेक्षा पेन्शनवर बोल, हॉल भरेल." हॉल तसाही बऱ्यापैकी भरलाय, म्हणून आता माघार घेत नाही.

सुरुवात घरापासून करतो. मुलीला शिकायला कीबोर्ड घेतला. तिच्या सरावासाठी मोबाइलवर काही धडे शोधत होतो. अशा शोधात आपण कुठून कुठे जातो ते तुम्हाला ठाऊक आहेच. एक ध्वनिमुद्रण समोर आलं, लांबी चार तासांच्या वर. मला वाटलं वीस-पंचवीस रचना एकत्र जोडल्या असतील. पाहिलं तर रचना एकच, वाजवणारा एकच, वाद्यही एकच, पियानो. आणि रचनाकाराचं नाव काइखुश्रू शापूरजी सोराबजी. हे नाव वाचून मी थांबलो. व्हिएन्ना-बर्लिनचं नाव असतं तर पुढे गेलो असतो. हे तर आपल्या मुंबईच्या अग्यारीच्या गल्लीतलं नाव!

पाश्चात्य संगीतातले पारशी म्हटले की आपल्याला झुबिन मेहता आठवतात. सोराबजी त्यांच्या कितीतरी आधीचे. जन्म 14 ऑगस्ट 1892, इंग्लंडमध्ये, एसेक्स परगण्यातल्या चिंगफर्डला. वडील शापूरजी सोराबजी मुंबईचे पारशी, पेशाने सिव्हिल इंजिनियर आणि पुढे उद्योजक. आई इंग्रज, गाणारी आणि पियानो-ऑर्गन वाजवणारी. पहिले धडे आईकडूनच मिळाले. जन्माच्या वेळी मुलाचं नाव लिऑन डडली ठेवलं होतं. मोठा झाल्यावर त्याने ते सोडून पारशी नाव घेतलं. त्याला इंग्रज म्हटलेलं आवडत नसे, हिंदी म्हटलेलंही आवडत नसे. तो स्वतःला पारशी म्हणवून घेई. तेव्हा 'आपला माणूस' असा शिक्का मारायची घाई मी करत नाही. पण वडील मुंबईचे सिव्हिल इंजिनियर म्हटल्यावर माझ्यासारख्या सिव्हिलवाल्याला थोडी जवळीक वाटणारच.

वडिलांच्या संपत्तीतून त्याला उत्पन्नाची सोय होती, त्यामुळे नोकरी करावी लागली नाही. म्हणून तर चार तासांचं लिहू शकला, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण सोय असलेली माणसं पुष्कळ असतात. त्यातली किती जण रोज उठून कामाला बसतात?

आता 'चार तास' म्हणजे किती, ते सांगतो. आपल्या घरच्या पेटीला साधारण तीन-साडेतीन सप्तकं असतात. पियानोला 88 पट्ट्या, सात सप्तकांहून जास्त. पेटीला एक हात पट्ट्यांवर आणि एक भात्यावर. पियानोला दोन्ही हात पट्ट्यांवर, शिवाय पाय पेडलवर. एका वेळी अनेक स्वर, आणि ते सगळे आधी कागदावर लिहिलेले. आपला गवई रात्रभर गातो तेव्हा त्याच्याकडे बंदिशीच्या चार ओळी असतात, बाकी सगळं तो तिथल्या तिथे उभं करतो. थकला तर ठहराव घेतो, तबल्याला जागा देतो, पाणी पितो. लिखित पियानोवाल्याला ती सवलत नाही. प्रत्येक स्वर ठरलेला, प्रत्येक विराम ठरलेला. बेथोव्हेनचा 1818 सालचा एक सोनाटा पाऊण तासाचा आहे. एका माणसाने एका बैठकीत वाजवायला तोसुद्धा अतिशय मोठा समजला जाई. सोराबजीने 25 जून 1930 रोजी जी रचना पुरी केली तिचं हस्तलिखित 252 पानांचं आहे. तिचं नाव 'ओपस क्लॅविचेंबॅलिस्टिकम'. वेळ साधारण चार ते साडेचार तास.

एक फरक इथेच सांगून टाकतो. सातीची 'व्हेक्सेशन्स' नावाची 1893 ची एक रचना आहे. लिखाण एका पानाचं, आणि वर सूचना अशी की हे 840 वेळा वाजवायचं असेल तर आधी मनाची तयारी करा. 1963 मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजने आळीपाळीने वादक बसवून ती खरंच वाजवून घेतली. अठरा तासांहून जास्त लागले. हे आपल्या अखंड नामसप्ताहासारखं झालं. पहारे बदलतात, नाम तेच राहतं. त्याची गोडी वेगळी. सोराबजीकडे तसं नाही. पान उलटलं की नवीन लिखाण, आणि पहारा बदलायला दुसरा कोणी नाही.

मग चार तास तो करतो काय? मी काही पाश्चात्य संगीत शिकलेलो नाही. ऐकून आणि वाचून जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो. रचनेचे तीन भाग, त्यात बारा प्रकरणं. चार ठिकाणी फ्यूग आहे. फ्यूग म्हणजे दिंडी डोळ्यांसमोर आणा. पुढच्या वारकऱ्याने एक चाल धरली, तो चार पावलं पुढे गेला तोवर मागच्याने तीच चाल उचलली, त्याच्या मागच्याने पुन्हा तीच. सगळे एकाच वेळी गातायत, कोणी कोणाच्या आड येत नाही. सोराबजीच्या पहिल्या फ्यूगमध्ये चाल एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन आणि शेवटच्या फ्यूगमध्ये चार चाली एकमेकींत विणलेल्या. या सगळ्या दिंड्या दहा बोटांनी चालवायच्या.

मध्ये एका ठिकाणी एक धून आणि तिची 49 रूपं आहेत. दुसऱ्या ठिकाणी पासाकाल्या नावाचा प्रकार आहे. तबल्याच्या सोलोला सारंगीवाला लेहरा धरतो, तोच तो पुन्हा पुन्हा, आणि तबलजी त्यावर कायदे-पलटे मांडत जातो. पासाकाल्याचं तत्त्व तसंच. एक आकृती सतत फिरत राहते आणि तिच्यावर रूपं बदलतात. इथे ती रूपं 81 आहेत. फरक इतकाच की लेहरा धरणारा आणि सोलो करणारा एकच माणूस आहे.

ही रचना आधी मी एकटाच तुकड्या-तुकड्यांत ऐकत होतो. पुढे बाबांच्या आजारपणात ऐकली. बाबांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखत होते. तरुणपणी अमरावतीहून आले ते 'भेल'मध्ये लागले आणि कॉइल वाइंडिंगमधून निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यांत त्यांना रात्री झोप नसे. मी दवाखान्यात खुर्ची टाकून बसायचो. एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. त्यांना मल्लिकार्जुन मन्सूर लावून द्यायचो, कुमारजी लावून द्यायचो. एका रात्री म्हणाले, "रोज तेच काय लावतोस? तू एकटा बसून काय ऐकतोस ते लाव."

मी सोराबजी लावला. मला वाटलं, पाच मिनिटांत बंद कर म्हणतील. ते ऐकत राहिले. आवडलं का, असं विचारलं तर म्हणाले, "आवडायचं नंतर बघू. हा माणूस मध्ये चुकला तर कुठून सुरू करतो?"

मी म्हटलं, "बाबा, सुरू नाही करत. थांबताच येत नाही. चूक मागे टाकून पुढे जायचं."

ते म्हणाले, "मग हा आमच्या खात्यातला आहे."

ज्यांची घरं कारखान्यावर चालली त्यांना हे सांगायला नको. मोठ्या यंत्राच्या कॉइलवर इन्सुलेशनची टेप हाताने चढवायची, तर प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा बसला पाहिजे. एकसारखा ताण, एकसारखा चढ. बाबा म्हणायचे, चूक झाली तर हाताला तेव्हाच कळतं, पण डोळ्याला दिसत नाही. दिसते ती शेवटी, उच्च दाबाच्या चाचणीत, सगळं गुंडाळून झाल्यावर. म्हणून लक्ष पहिल्या वेढ्याला जितकं तितकंच शेवटच्या वेढ्याला. "चार तास म्हणजे अर्धी पाळी," ते म्हणाले, "अर्धी पाळी एकसारखा हात ठेवणं सोपं नाही." ही त्या रचनेची समीक्षा मी कुठेच वाचली नाही. पण ही मला सगळ्यांत जास्त पटली.

आम्ही ती रचना चार रात्रींत पुरी केली. खरं सांगतो, सगळी आवडली नाही. तिसऱ्या फ्यूगला मला डुलकी लागली. बाबा जागे होते.

आता पुढची गोष्ट. ही रचना पहिल्यांदा लोकांसमोर वाजली 1 डिसेंबर 1930 ला, स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. वाजवली खुद्द सोराबजीने. एरिक चिझम नावाच्या तरुण संगीतकाराने तिथे नव्या संगीतासाठी एक संस्था काढली होती, तिने हा कार्यक्रम ठेवला. म्हणजे आपल्यासारखंच एक मंडळ म्हणा. असले कार्यक्रम हौशी मंडळंच ठेवू जाणे.

सव्वापाच वर्षांनी, मार्च 1936 मध्ये, लंडनला दुसऱ्या एका पियानोवादकाने या रचनेचा फक्त पहिला भाग वाजवला. त्याची तयारी तेवढी नव्हती. जो वेळ लागायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. ऐकणारे मध्येच उठून गेले. टीकाही तशीच झाली, आणि ती वादकापुरती न राहता रचनेवर आली.

सोराबजीने ठरवलं, बस्स. माझ्या स्पष्ट परवानगीशिवाय माझं काहीही कोणी जाहीर वाजवायचं नाही. स्वतःही त्या वर्षानंतर लोकांसमोर वाजवणं थांबवलं. वाईट वाजण्यापेक्षा न वाजलेलं बरं, असा त्याचा हिशेब. आणि हे किती काळ चाललं? 1976 पर्यंत. चाळीस वर्षं!

कुमार गंधर्व देवासला आले 1948 च्या सुमारास, क्षयाच्या आजारात. काही वर्षं त्यांना गाता आलं नाही. ती सक्तीची शांतता होती, आणि त्या शांततेतून त्यांनी माळव्याची लोकगीतं कानात साठवली. हे आपण मध्य प्रदेशातले मराठी लोक अभिमानाने सांगतो. सोराबजीची शांतता सक्तीची नव्हती, स्वतः पत्करलेली होती. त्यात थोडा अहंकार होता, हेही मान्य करू. पण एका संध्याकाळी काही माणसं उठून गेली आणि एक दार चाळीस वर्षं बंद राहिलं, हे वाचल्यावर मला त्या सोराबजीपेक्षा आपलाच हॉल आठवला.

ही गोष्ट मी आजवर जाहीर सांगितलेली नाही. काही वर्षांपूर्वी मी मंडळाचा कार्यक्रम-प्रमुख होतो. एक ज्येष्ठ गायिका आल्या होत्या. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. कार्यक्रम सातचा होता. आरती झाली, प्रमुख पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, देणगीदारांचा सत्कार झाला. त्या गायला बसल्या तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. त्यांनी बागेश्री काढला. विलंबित हळूहळू उघडत होतं. नुसत्या मध्यमावर त्या किती वेळ थांबल्या असतील! आणि मी बाजूला उभा, हातात घड्याळ. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम. मी सरकारी माणूस, नियमाबाहेर जाणार नाही. मी एका कागदावर लिहिलं, 'दहा मिनिटे. कृपया आवरते घ्यावे.' आणि तो कागद तबलजीच्या हाती पुढे सरकवला.

त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहून हसल्या, दोन आवर्तनांत समेवर आल्या, छोटीशी द्रुत गायल्या आणि भैरवी केली. पाहुण्या कलावंताने किती शालीन असावं, ते त्या रात्री पाहिलं. मग त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि आभार. आभार मीच मानले.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "शाल-श्रीफळाला पंचवीस मिनिटं, आणि गाण्याला चिठ्ठी." पुढे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मी तेव्हा स्वतःचं समर्थन करत होतो. नियम आहे, लोकांना सकाळी पाळीवर जायचंय, मुलांची शाळा आहे, लोकांना आता बसवत नाही. यातलं काहीही खोटं नाही. पण नियमाने फक्त दहाची रेघ मारली होती. सात ते साडेआठ मी स्वतः खाल्ले होते. गाणं लांबलं नव्हतं. आम्ही ते आखूड केलं होतं. आणि त्या बाई काही सोराबजी नव्हत्या. त्यांनी दार बंद केलं नाही, पुढच्या वर्षीही बोलावलं असतं तर आल्या असत्या. त्यांना पुन्हा बोलवायचं धैर्य मलाच झालं नाही.

आता त्या चाळीस वर्षांत सोराबजीने काय केलं, ते ऐका. कारण माझ्या मते खरी थक्क करणारी गोष्ट ही आहे. वाजवायचं नाही म्हटल्यावर एखाद्याने लिहिणंही थांबवलं असतं. याने आणखी लांब लिहिलं. 1938-39 मध्ये 'तांत्रिक सिंफनी' लिहिली, एकट्या पियानोसाठी. तिच्या सात प्रकरणांची नावं ऐका: मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार! आमच्या योगवर्गातल्या काकांना ही यादी नव्याने सांगायला नको. 1940 ते 44, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात, पियानोच्या अभ्यासाच्या शंभर रचनांचा संच केला. सगळा मिळून आठ तासांच्या वर जातो. आणि 1948-49 मध्ये 'सेक्वेन्शिया सायक्लिका'. चर्चमधल्या मृतांच्या प्रार्थनेची एक जुनी धून घेतली आणि तिच्यावर एकामागून एक 27 मोठी रूपं उभी केली. वेळ सुमारे साडेआठ तास. बाबांच्या हिशेबाने पूर्ण पाळी, वर ओव्हरटाइम.

हे सगळं कोणासाठी? हॉल नाही, तिकीट नाही, वादक नाही. आपण एखादं काम करतो तेव्हा निदान बिल निघेल, निदान पाहणी होईल, एवढी खात्री असते. याला ती खात्री नव्हती. एकूण हस्तलिखितं अकरा हजार पानांच्या वर आहेत म्हणतात. पण न वाजणारं संगीत हे संगीत असतं का? मला वाटतं, ते तोवर फक्त निरोप असतो. निरोप कितीही मोठा असला तरी तो ऐकून घ्यायला पलीकडे कोणी तरी लागतं.

तसं कोणी तरी आलं. 1972 मध्ये ॲलिस्टर हिंटन नावाचा एक तरुण संगीतकार सोराबजीला भेटला. तेव्हा सोराबजी ऐंशीच्या घरात होता, डॉर्सेट परगण्यातल्या कॉर्फ कॅसल या गावी राहत होता. लिहिणंही थांबवलेलं होतं. या तरुणाने हळूहळू त्याचं मन वळवलं. 1973 मध्ये त्याने पुन्हा लेखणी उचलली, आणि 1976 मध्ये योंटी सॉलोमन या दक्षिण आफ्रिकी पियानोवादकाला आपल्या रचना वाजवायची परवानगी दिली. आणि 1982 च्या जूनमध्ये, हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात, जेफ्री डग्लस मॅज या ऑस्ट्रेलियन वादकाने ती चार तासांची 'ओपस' संपूर्ण वाजवली. 1930 नंतर पहिल्यांदा. बावन्न वर्षांनी. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या भोपाळात तलावाकाठी भारत भवन उघडलं होतं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, इथल्या अर्ध्या लोकांच्या आठवणीतला काळ आहे.

1988 मध्ये जॉन ऑग्डनने लंडनला तीच रचना वाजवली. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला सोराबजी गेला, 96 वर्षांचा होऊन. पण काम थांबलं नाही. त्याचं हस्ताक्षर वाचायला कठीण. हिंटनने सगळी हस्तलिखितं एकत्र सांभाळली, आणि वादकांनी, अभ्यासकांनी वर्षानुवर्षं बसून त्यांच्या स्वच्छ प्रती केल्या. ज्यांनी कोणी भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून एक बंदिश जरी स्वतःच्या वहीत उतरवली असेल त्यांना या कामाचा अंदाज येईल. साडेआठ तासांची ती 'सेक्वेन्शिया' जोनाथन पॉवेलने 2010 मध्ये पहिल्यांदा संपूर्ण वाजवली. कुठे? पुन्हा ग्लासगोलाच. ध्वनिमुद्रण 2020 मध्ये सात सीडींवर निघालं. स्वीडनच्या फ्रेड्रिक उल्लेनने त्या शंभर अभ्यास-रचना कित्येक वर्षं एकामागून एक ध्वनिमुद्रित केल्या. हा उल्लेन मेंदूचा शास्त्रज्ञही आहे. म्हणजे नोकरीपेशा माणसाला हे जमत नाही, हे माझं कारणही गेलं.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या लांबीची गरज काय? जे अर्ध्या तासात सांगता येतं ते चार तासांत का सांगावं? प्रश्न रास्त आहे. लांबी म्हणजे मोठेपणा नव्हे. लांबलेली भाषणं आपण सगळेच सोसतो. सोराबजीबद्दलही जाणकारांची मतं एकसारखी नाहीत.

पण मला जे जाणवलं ते सांगतो. पहिला अर्धा तास आपण स्वतःचीच गडबड ऐकत असतो. घरी गॅस बंद केला का, उद्या साइटवर कोण जाणार, गुडघा दुखतोय. तासाभराने ती गडबड बसते. मग कधीतरी असं होतं की तासापूर्वी ऐकलेली चाल परत येते, वेगळ्या वेशात, आणि आपण तिला ओळखतो. त्या ओळखण्यात जो आनंद आहे तो पाच मिनिटांच्या गाण्यात मिळत नाही, कारण विसरायलाच वेळ मिळालेला नसतो. आपल्या मोठ्या ख्यालात, रात्रभराच्या कीर्तनात हेच होतं. लहानपणी याच मंडळाच्या गाण्याला मी सतरंजीवर आईच्या मांडीशी झोपून जायचो आणि भैरवीला जागा व्हायचो. मध्ये काय झालं ते माहीत नसायचं, पण मोठी माणसं अजून तिथेच बसलेली असायची. त्यांची ती बैठक मला आजही गाण्याहून जास्त आठवते.

बाबा गेले त्याच्या आठवडाभर आधीची रात्र. मी नुसता बसून होतो, काही लावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या पारशाला शेवटी लोक मिळाले का?" मी म्हटलं, "मिळाले. थोडे." ते म्हणाले, "थोडे पुरतात. उठून जाणारे नकोत."

होळीच्या आधी बाबा गेले. हे वाक्य माझ्याकडे राहिलंय, आणि ते नुसतं सांगून मोकळं व्हायला मी आज आलो नाही. मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. माप पुस्तिका भरणारा माणूस आहे, म्हणून आकड्यांतच सांगतो.

पुढच्या गणेशोत्सवात जो रविवार येईल, त्या दिवशी दुपारी दोन वाजता या हॉलमध्ये एकच कार्यक्रम ठेवावा. एकच कलावंत. गायक असो, सतारवादक असो, पेटीवाला असो, कीर्तनकार असो. उद्या कोणी पियानो घेऊन आला तरी चालेल. दोन ते आठ, सहा तास त्याचे. हवे तर तीन तास गावे, हवे तर सहा. दुपारी सुरू केल्यावर दहाचा नियम आडवा येत नाही. दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही. शाल-श्रीफळ कलावंताच्या घरी आदल्या दिवशी पोचवून येऊ. चहा मागच्या व्हरांड्यात, ज्याचा त्याने घ्यावा. ज्याला जायचं त्याने समेनंतर हळूच जावं, कोणी वाईट वाटून घेणार नाही. पण निदान वीस जणांनी आधी नाव द्यावं की आम्ही शेवटपर्यंत बसू. वीसच. पहिलं नाव माझं लिहा.

आणि कार्यक्रम-प्रमुखाच्या खिशात त्या दिवशी कागद-पेन असू नये.

पहिल्या वर्षी कोणाला बोलवायचं, हे मंडळ ठरवेल. माझ्या मनात एक नाव आहे. त्या बाईंचं आता वय झालंय, पण गातात. तुमची संमती मिळाली तर मी स्वतः जाऊन विचारीन, आणि आधी त्या चिठ्ठीबद्दल माफी मागीन. बागेश्री जिथे सुटला होता तिथून पुढे ऐकायचाय.

अध्यक्षांनी आता दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलंय. चिठ्ठी यायच्या आत मीच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!